३,०८,६८८ रुपयांची जाहिरात, जी एफएमवर वाजलीच नाही

गणपतीच्या तोंडावर रेडिओचं ‘पॅकेज’ विकणाऱ्या मध्यस्थानं आम्हाला गंडवलं. आकडे आधी सांगतो. २० सेकंदांचा स्पॉट, रोज १२ वेळा, १४ दिवस, म्हणजे १६८ स्पॉट. १० सेकंदांना ६०० दर, झाले २,०१,६००. ऑनलाइन स्ट्रीमवर ४ लाख इम्प्रेशन, म्हणजे तितक्या वेळा जाहिरात लागणं, हजारी १५० प्रमाणे ६०,०००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३,०८,६८८, सगळे आगाऊ. आगाऊ का दिले? ‘साहेब, सीझन आहे, आज पैसे आले नाहीत तर स्लॉट दुसऱ्याला जातो.’ सीझनमध्ये हे खरंही असतं.

गिऱ्हाईक लालबागचं मसाल्याचं दुकान, रेकॉर्डिंग आमच्याच स्टुडिओत. लाज त्याचीच वाटते.

पुरावा म्हणून ब्रॉडकास्ट सर्टिफिकेट, म्हणजे जाहिरात कधी कधी वाजली त्याचा दाखला, आणि एक ‘ऑफ-एअर’ क्लिप, म्हणजे रेडिओवरून पकडलेलं रेकॉर्डिंग, आलं. क्लिप वाजवली, आधी आरजेची बडबड, मग आमची जाहिरात, मग पुन्हा आरजे. ‘मसाला’मधला ‘स’ काचेसारखा स्वच्छ. आणि आम्ही, आवाजावर पोट भरणारे, एकमेकांना म्हणालो, ‘काय क्लीन वाजतंय!’ अरे, प्रसारणाआधी आवाज दाबून सारखा करणाऱ्या स्टेशनच्या प्रोसेसरमधून गेलेला ‘स’ एवढा स्वच्छ राहतो कुठे?

सहा आठवड्यांनी तीच फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे आवाजातल्या कमी-जास्त फ्रिक्वेन्सीचं चित्र. एफएमवर १९ किलोहर्ट्झला स्टिरिओचा पायलट टोन, म्हणजे रेडिओला स्टिरिओची खूण देणारा सूर, असतो, म्हणून आवाज १५ च्या वर जाऊ देत नाहीत. आरजेचं बोलणं बरोबर १५ वर कापलेलं. जाहिरात सुरू झाली की पट्टा थेट २० पर्यंत, संपली की परत १५. म्हणजे आमचीच मास्टर फाइल मधे चिकटवलेली. सॉफ्टवेअर फुकट, काम अर्ध्या मिनिटाचं. क्लिप डब्ल्यूएव्हीमध्येच, म्हणजे न दाबलेल्या फाइलमध्येच, मागा. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री स्वतःच १६ च्या आसपास कापतं, मग फरक कळत नाही.

सर्टिफिकेटही ओरडून सांगत होतं. चौदाही दिवस ०८:१५:००, ०८:४५:००, ०९:१५:००. स्टेशनवर काय कधी वाजलं याच्या खऱ्या नोंदीत, म्हणजे प्लेआउट लॉगमध्ये, ०८:१४:३७ असतं, दुसऱ्या दिवशी ०८:१६:०९, कारण गाणी आणि आरजे घड्याळ बघून संपत नाहीत. सेकंदांच्या जागी शून्यं दिसली की पैसे थांबवा.

स्ट्रीमवर जाहिरात लागली खरी, पण तिथली गंमत वेगळी. ब्रेकमधल्या एफएमच्या जाहिराती काढून सर्व्हर आपल्या घालतो आणि मूळ कार्यक्रमावर परत येण्याचा इशारा (क्यू) लवकर आला की चालू जाहिरात तोडतो. आमची सतराव्या सेकंदाला तुटत होती. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे कुणीच ऐकले नाहीत. इम्प्रेशन मात्र पूर्ण, कारण मोजणी जाहिरात सुरू झाल्यावर होते, संपल्यावर नाही. बिल ‘पूर्ण ऐकलेल्या’वर लावून घ्या, आणि नंबर पहिल्या दहा सेकंदांत एकदा येऊ द्या.

स्टेशनला फोन केला. ‘तुमचा रिलीज ऑर्डर (जाहिरात वाजवण्याची लेखी मागणी) आमच्याकडे नाही, त्यामुळे माहिती देता येत नाही.’ अहो, नाही हीच तर तक्रार! ते लेखी द्या म्हटलं तर मेलला उत्तर नाही. पोलीस चौकीत, ‘बिल आहे, करार आहे, म्हणजे दिवाणी मामला.’ बनावट सर्टिफिकेट दाखवलं तर साहेब म्हणाले, ‘यावर शिक्का तर आहे.’ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पण तोवर दीड महिना उलटलेला, खातं रिकामं. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा, तुम्ही कायद्यानं ग्राहकच नाही. जाहिरात परिषदेचं काम जाहिरातीतल्या दाव्यांचं, वाजली की नाही याचं नाही. प्रत्येकानं पुढचं दार दाखवलं आणि प्रत्येक दारावर पुन्हा तीच फाइल, त्याच झेरॉक्स, तोच बाकडा.

यात वेळ गेला तो सगळ्यात महाग पडला. खासगी एफएमला प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, परवान्याचीच अट आहे. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तारीख-वेळ घालून स्टेशनला लेखी पत्र द्या, पोहोच घ्या, रिलीज ऑर्डरची प्रत थेट त्यांच्या सेल्सकडून मागवा. मध्यस्थाच्या मेलवरून आलेली चालणार नाही. आणि रोजचे दोन स्लॉट स्वतः ऐका, किंवा पन्नास रुपये देऊन कुणाला तरी ऐकायला बसवा.

पोलिसांत आमचा अर्ज शेवटी घेतला गेला चौथ्या महिन्यात. तिथल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, ‘स्टेशनचं रेकॉर्डिंग आणलंय का?’