जुना डेस्कटॉप काढला, एन१०० वाला मिनी पीसी घेतला: वीज मोजून लिहितोय

चार महिने रोज वापरून झाल्यावर लिहितोय, पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. जुना पीसी म्हणजे इंटेलचा कोर टू क्वाड क्यू६६००, २००७ चा प्रोसेसर, चार कोर, त्या काळात एकदम दमदार, आणि माझा सुरुवातीच्या लॉटमधला त्यामुळे टीडीपी (भरपूर काम करताना चिप साधारण किती वॅट उष्णता टाकते त्याचा कंपनीचा आकडा) १०५ वॅट, नंतर ९५ वाला आला. सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि दोन हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ह्याच्यावर रीतसर चढत नाही, म्हणून बदलायचं ठरवलं.

घ्यायच्या आधी एक वॅटमीटर आणला, सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावतात तो. माझं कळकळीने सांगणं आहे की हे आधी करा, कारण बऱ्याच जणांना वाटतं एसएमपीएसवर (पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅट लिहिलंय म्हणजे पीसी ४५० वॅट खातो, तसं अजिबात नसतं, तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे. माझा पीसी काहीच न करता नुसता चालू असताना मॉनिटर सोडून ११५ वॅट घेत होता. आणि यूट्यूब लावलं की १५०! असं का ते नंतर कळलं. आता व्हिडिओ व्हीपी९ नाहीतर एव्ही१ ह्या नव्या कॉम्प्रेशन पद्धतींमध्ये येतात, जुन्या कार्डला ते उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा बोंबलायला लागतो.

आता नवीन. इंटेल एन१०० प्रोसेसर, २०२३ चा, चार कोर, टीडीपी ६ वॅट. एव्ही१ उलगडणारं सर्किट चिपमध्येच आहे. मीटरवर नुसता चालू असताना ८ वॅट, व्हिडिओ बघताना १३, पूर्ण ताण दिला तर २४. म्हणजे बॉक्सवरचे ६ वॅट हे भिंतीतून येणारे वॅट नाहीत हे लक्षात ठेवा, तो फक्त चिपचा आकडा, रॅम, एसएसडी, वायफाय, पंखा आणि अडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. शिवाय माझ्या मशीनमध्ये कंपनीने बायोसमधे (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे चिपला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, बरीच वाढवून ठेवली होती, टेस्टमध्ये आकडे भारी दिसावेत म्हणून असावं, ती मी खाली आणली तेव्हा पंख्याचा आवाज थांबला आणि रोजच्या कामात काही फरक जाणवला नाही.

हिशोब साधा आहे. ११५ वजा ८ म्हणजे १०७ वॅट, रोज ६ तास धरले तर वर्षाला साधारण २३४ युनिट वाचतात, आणि हे नुसत्या चालू ठेवण्याचे. घरचा पीसी बहुतेक वेळ आपली वाट बघत बसलेला असतो म्हणून मी आयडलच्या, म्हणजे नुसता चालू असतानाच्या, आकड्याला सगळ्यात जास्त मान देतो.

खटकलेल्या गोष्टीपण सांगतो. रॅमला एकच स्लॉट, इंटेल अधिकृतपणे १६ जीबीच म्हणतं. फोटो एडिटिंग सुरू असताना मागे वीसेक टॅब उघडे असले की अडखळतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम करायचे असतील तर हा घेऊच नका, मोठा प्रोसेसरच बघा. तिथे एक सांगतो, ६५ वॅटवाला आणि नावात शेवटी 'टी' असलेला ३५ वॅटवाला ह्यात आयडलला जवळजवळ फरक नसतो, टी मध्ये फक्त वरची मर्यादा कमी असते, त्यामुळे वीज वाचेल म्हणून टी च्या मागे धावायची गरज नाही, लहान डब्यात बसवायचा असेल तर ठीक. आणि डेस्कटॉप जोडणार असाल तर एसएमपीएस उगाच ७५० चा घेऊ नका. ८० प्लसची (एसएमपीएस वीज कमी वाया घालवतो ह्याचं प्रमाणपत्र, त्याचं स्टिकर असतं) चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये १० टक्क्यांची अट फक्त टायटॅनियम ह्या वरच्या दर्जाला आहे, मग ४० वॅट खाणारा पीसी ७५० च्या एसएमपीएसवर लावला तर लोड जेमतेम ५ टक्के, तिथे किती वीज वाया जाते ते स्टिकर सांगतच नाही.

हार्ड डिस्कपैकी एक बाहेरच्या केसमध्ये घातली, बॅकअप घेतानाच लावतो, फिरत असली की तीच ६-७ वॅट घेते म्हणजे जवळजवळ अख्ख्या मिनी पीसीएवढी.

आणि गंमत बघा, आता टेबलावर सगळ्यात जास्त वीज मॉनिटर खातोय! जुना सीसीएफएल ट्यूबवाला (एलईडीच्या आधीचा, पडद्यामागे बारीक ट्यूब असलेला) आहे, पूर्ण ब्राइटनेसला ४१ वॅट, अर्ध्यावर आणला तर २७. चांगला चालतोय म्हणून टाकवत नाही, ब्राइटनेस कमीच ठेवलाय आणि पाच मिनिटांत बंद व्हायची सेटिंग लावून दिलीये.