खिशातलं वारामापक यंत्र: बागायतदारानं घ्यावं का?

तळहाताएवढं यंत्र, वर प्लॅस्टिकचा छोटा पंखा, खाली पडदा. वारा आणि तापमान दोन्ही दाखवतं, बटण सेलवर चालतं. आमच्या तासगावकडं (सांगली जिल्हा) द्राक्षबागेत ट्रॅक्टर ब्लोअरनं, म्हणजे पंख्याच्या झोतानं फवारणाऱ्या यंत्रानं, औषध मारणाऱ्यानं घ्यावंच. मोबाईलवर दिसणारा वारा १० मीटर उंचीवरचा असतो, वेलींच्या मांडवाखाली त्याचा उपयोग नाही.

एकक आधी ताशी किलोमीटरवर लावा. माझं सेकंदाला मीटरवर आलं होतं. तिथला १ म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. पंखा वाऱ्याच्या तोंडासमोर धरा, तिरका झाला की कमी दाखवतो. ‘गारठा किती जाणवतो’ हा पर्याय नुसता शोभेचा.

खरं काम पहाटेचं. डिसेंबरात आभाळ निरभ्र असलं की पडद्यावर ०.० येतं आणि गडी म्हणतो, ‘अण्णा, वारं पडलंय, टाकी भरू का?’ थांब म्हणायचं. बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर, ११.४ अंश, तेच यंत्र बांबूला बांधून मांडवाच्या वर नेलं तर १३.१. रात्रभर उष्णता सोडून जमीन गार होते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरच्या हवेत मिसळत नाही. अशा वेळी ब्लोअरचे बारीक थेंब तरंगत राहतात आणि हळूच शेजाऱ्याच्या बागेत सरकतात. शंका आली तर उदबत्ती लावा. धूर जरा वर चढून आडवा पसरला, की टाकी भरू नका. डाऊनी या वेलीवरच्या रोगाच्या धास्तीत वाट बघवत नाही, ते मी जाणतो.

दुपारी तऱ्हा वेगळी. तापलेल्या रानातून गरम हवा वर उसळते, तिच्या जागी बाजूची हवा घुसते. मिनिटभरात ४ चे १८ होतात. सरासरी १० दिसली तरी भुलू नका. औषध उडवतो तो मधला झोत. ताशी ३ ते १५ किलोमीटरचं, एका दिशेचं वारं हवं. ते बहुतेक ऊन वर आल्यावर तास-दोन तास मिळतं.

तक्रार एकच, पण मोठी: तापमान फार सावकाश बदलतं. हातात धरलं तर हाताची ऊब घेतं, उन्हात धरलं तर स्वतःच तापतं. वरखाली करेपर्यंत उजाडतं. म्हणून दोन घ्या. आधी सावलीत शेजारी ठेवून दोघांतला फरक लिहून काढा, मग एक बोदावर, एक मांडवावर.