राख, भूकंप की दुष्काळ: संस्कृतीच्या अंताचा कोणता पुरावा धरावा?

निसर्गाच्या कोपाने प्राचीन संस्कृती संपली, असा दावा समोर आला की दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. आपत्ती खरोखर आली होती का? आणि संस्कृती तिनेच संपली का? ज्वालामुखीची राख पहिल्या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तरही तिच्याच भरवशावर देताना लोक चुकतात.

ग्रीसमधल्या थेरा (सँटोरिनी) या ज्वालामुखी बेटावरचे अक्रोतिरी हे प्राचीन गाव पाहा. १९६७ पासूनच्या उत्खननात राखेखाली भित्तिचित्रांसकट वस्ती मिळाली, पण उद्रेकात मेलेल्यांचे सांगाडे मिळाले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत. राखेतल्या काचकणांच्या रासायनिक घटकांवरून उद्रेक ओळखता येतो, म्हणून तोच थर दक्षिणेकडच्या क्रीट बेटावरच्या मोख्लोसलाही सापडला. तिथे राखेच्या वर नवी घरे आहेत. त्यानंतरच्या काळातली सागरी नक्षीची भांडी क्रीटमध्ये आहेत, अक्रोतिरीत नाहीत. म्हणजे उद्रेकानंतरही मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीचे लोक नांदत होते. क्रीटचे राजवाडे जळाले ते पुढे, इ.स.पू. १४५० च्या सुमारास. थर खाली की वर, एवढ्यावरून सगळा निष्कर्ष फिरतो.

भूकंपाच्या खुणा सर्वांत फसव्या. भिंती एकाच दिशेला पडल्या, तरी पाया खचूनही तसे होते. ढिगाऱ्यातल्या सांगाड्यांचेही तेच: मोहेंजोदडोचे सांगाडे एकेकाळी कत्तलीचे मानले गेले, नंतर ते वेगवेगळ्या काळातले ठरले. एका जागेवरून भूकंप ठरवू नये.

दुष्काळाचा पुरावा शहरात क्वचितच मिळतो. तो तळ्यांच्या गाळात आणि गुहांतल्या चुनखडीच्या स्तंभांत असतो. मेक्सिकोतल्या युकातानच्या चिचांकानाब तळ्यात पाणी आटल्यावर जिप्सम हे खनिज साचले, आणि त्याचे थर तिथल्या प्राचीन माया संस्कृतीच्या शहरांच्या पडत्या काळाशी जुळतात. अडचण कालमापनाची. गाळाच्या तारखेत शे-दीडशे वर्षांची चूक राहू शकते, शहर मात्र काही दशकांत ओस पडते. मेसोपोटेमियातल्या अक्कड साम्राज्याबाबत ही फट राखेनेच बुजवली: ओमानच्या आखातातल्या गाळात दुष्काळाची खूण असलेली धूळ एकाएकी वाढते, आणि तिथले ज्वालामुखी काचकण सीरियातल्या तेल लैलान या अक्कडकालीन शहराच्या जागी मिळालेल्या काचकणांशी रासायनिकदृष्ट्या जुळतात.

निवड करायचीच असेल, तर तारीख नीट बसलेला दुष्काळ मी वर ठेवेन, कारण तो एका शहराला नव्हे, सगळ्या प्रदेशाच्या धान्याला भिडतो. मात्र शेजारचा भागही तपासावा. दक्षिणेतली माया शहरे रिकामी होत असताना, त्याहून कोरड्या उत्तरेत चिचेन इत्सा हे माया शहर भरभराटीला आले होते.