चोकवरच्या लेबलाखालचा आकडा

घरी व्हिडिओ गेमचे आर्केड मशीन बांधायचे ठरवले, तेव्हा पडदा, जॉयस्टिक आणि बटणे यांवर मी महिनाभर डोके चालवले. वरच्या नावाच्या पाटीमागील दिव्याला मात्र जेमतेम अर्धा तास दिला आणि नेमका तिथेच फसलो.

जुन्या अमेरिकन मशीनमध्ये या जागी बहुधा 18 इंची, 15 वॅटची ट्यूब असते, पण तिथले सामान 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी असल्यामुळे ते आपल्या 230 व्होल्टवर थेट जोडता येत नाही. पाटीची आतली रुंदी 26 इंच होती, म्हणून मी आपल्याकडची दोन फुटी, 18 वॅटची ट्यूब घेतली. गेमच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, 5 आणि 12 व्होल्टसारखे कमी व्होल्टच मिळतात. ट्यूबसाठी मुख्य स्विचपासून फ्यूज घालून 230 व्होल्टची वेगळी वायर ओढली.

ट्यूबमधला प्रवाह आवरणारा चोक कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून आणला. ‘तांब्याचा, 18 वॅटचा’ असे दुकानदाराने सांगितले आणि लेबलवरही तेच छापले होते. बिल म्हणून मिळाली ती चिठ्ठी, तीवर ‘चोक 1 नग’ एवढेच.

तिसऱ्या आठवड्यात ट्यूबची दोन्ही टोके काळवंडली, घुमणारा आवाज खेळाच्या आवाजातूनही ऐकू येऊ लागला आणि चोकवर हात ठेववेना. बंद प्लायवुडच्या पेटीत इतके तापणारे लोखंड पाहून मी मशीन तत्काळ बंद केले. ओळखीच्या वायरमनने प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. 18 वॅटच्या ट्यूबमधून सुमारे 0.37 अँपिअर जायला हवे होते. मीटर अर्ध्या अँपिअरच्या पुढे गेला. उष्णतेने लेबलचा कोपरा सुटला होता, तो त्याने नखाने ओढला, तर खाली पत्र्यावर ‘36 वॅट’ असे उमटवलेले! प्रवाहाला आवर घालणे हेच चोकचे काम, आणि 36 वॅटचा चोक 0.43 अँपिअरच्या हिशेबाने बनवतात. पुढे एकच आखूड ट्यूब असली की तिच्यावर कमी व्होल्ट पडतात आणि प्रवाह त्याहूनही वाढतो. दोन 18 वॅटच्या ट्यूब एकापुढे एक जोडल्या असत्या, तर तो आकडा चालला असता, हे खरे. परंतु वाइंडिंगच्या तारेवरचे इनॅमल ब्लेडने खरवडले, तेव्हा आत तांबे नव्हे, ॲल्युमिनियमची पांढरी चकाकी निघाली.

चोक घेऊन परत गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, “पावणं, माल चांगलाच दिलाय, तुमचं वायरिंग चुकलंय.” चिठ्ठीवर ना वॅट होते, ना दुकानाचे नाव, मग वाद तरी कशाच्या जोरावर घालणार?

दुसरा चोक दुसऱ्या दुकानातून, वॅट आणि कंपनी लिहिलेल्या पक्क्या बिलावर घेतला. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तिथेच काउंटरपाशी तपासला आणि लेबलच्या कडेवरून नखही फिरवून पाहिले, त्यावर दुकानदार हसला, पण रागावला नाही. नवी ट्यूब बसवल्यावर मीटरने 0.36 दाखवले.