हेलबॉय, आठ महिन्यांनंतर: लघुकथांचा खंड वगळू नका

हेलबॉय या कॉमिक्स मालिकेबद्दल मी तीन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. तेव्हाचं मत होतं, चित्रं अप्रतिम, सुरुवात जड आणि तिसरा खंड उगाच फुगवलेला. त्यातलं शेवटचं वाक्य मी आता खोडतो आहे. का खोडतो आहे, ते सांगण्यासाठीच हा अनुभव नव्याने लिहितो आहे.

हेलबॉय कोण, हे बहुतेकांना माहीत असेल. १९४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एका पडक्या चर्चमध्ये अवतरलेलं सैतानाचं लाल पोर, दगडाचा उजवा हात, घासून घासून बुंधे उरलेली शिंगं. एका प्राध्यापकाने वाढवलेला हा पोरगा मोठेपणी भुताखेतांच्या मागे जाणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी करतो. जगाचा अंत आपल्याच हातून होणार असं भाकीत आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तो आपला रोज कामावर जातो. चित्रकार माइक मिन्योलाने १९९४ साली ही मालिका सुरू केली. मुख्य कथानक आता चार जाड खंडांत मिळतं. लघुकथांचे दोन खंड वेगळे आहेत.

इथेच मी चुकलो. सहा खंड म्हणजे मोठा खर्च. मुख्य कथा चार खंडांत पूर्ण होते म्हटल्यावर लघुकथा ही वरची सजावट असणार असं मी धरून चाललो. चारच घ्यायचे, तेही एक वाचून झाला की पुढचा, असं ठरवलं. काटकसर म्हणून हे बरोबर होतं. वाचक म्हणून फार महागात पडलं.

पहिल्या खंडाबद्दल थोडक्यात. पहिल्याच कथेचे संवाद आणि निवेदन जॉन बर्नचे आहेत आणि ते जाणवतं. हेलबॉय चौकटीमागून चौकट स्वतःच्या मनातलं सांगत राहतो. जे चित्रात दिसतंय तेच वर पुन्हा वाचावं लागतं. पुढच्या कथेपासून मिन्योला स्वतः लिहायला लागतो आणि पान एकदम मोकळं होतं. ज्यांनी पहिली पन्नास पानं वाचून पुस्तक मिटलं असेल त्यांनी कृपा करून पुन्हा उघडा. मीही मिटणार होतो.

चित्रांबद्दल मात्र थोडक्यात सांगणं मला जमणार नाही. हा माणूस काळ्या रंगाने चित्र काढतो. म्हणजे आधी रेघा आणि मग सावली असं नाही. आधी काळोख आहे आणि त्यातून जेवढं हवं तेवढंच बाहेर काढलं आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग, एक खांदा, खिडकीची चौकट. बाकीचं आपण भरायचं. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या मुक्या चौकटी. मारामारी चालू असते, आणि मध्येच एक बारीकशी चौकट येते. त्यात नुसता एखाद्या पुतळ्याचा झिजलेला चेहरा, किंवा पाण्यातला बेडूक, किंवा वाळकं फूल. कथेला त्याची गरज नसते. पण त्या क्षणी लक्षात येतं की या जागेत आपल्याआधीपासून कुणीतरी आहे आणि ते बघतंय. भयकथेत मला इतका नेमका थांबा दुसरीकडे मिळालेला नाही. वाचताना मी आता या चौकटींची वाट बघतो.

म्हणूनच ही मालिका मोबाइलवर वाचू नका. मी पहिले काही अंक तसे वाचले. एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते. तिने ती बारीक चौकट पानापासून तुटते आणि तिचा अर्थच जातो. शिवाय पडद्याचा उजेड कमी केला की काळ्यातलं काळं दिसत नाही, सगळा एकच डाग होतो.

दुसरा खंड मला मनापासून आवडला. फक्त एक खंत आहे. २००१ च्या ‘कॉन्करर वर्म’ या कथेच्या शेवटी हेलबॉय खातं सोडतो आणि एब सेपियन, लिझ शर्मन ही खात्यातली सोबतीची माणसं त्याच्या गोष्टीतून जवळजवळ निघून जातात. त्यांची पुढची कथा बीपीआरडी (त्या खात्याचंच नाव) या वेगळ्या मालिकेत आहे. ती मी घेतलेली नाही, आणि एबची आठवण अजून येते.

आता तिसरा खंड. इथे चित्रकार बदलतो, २००७ पासून डंकन फेग्रेडो येतो. पहिल्या वाचनात मला त्याचा राग आला. जिथे मिन्योला एक काळा ठिपका ठेवून गप्प बसला असता, तिथे हा झाडाचं प्रत्येक पान, प्रत्येक हाड काढतो. कथेत ग्रुआगाख नावाचा एक डुकराच्या तोंडाचा जीव हेलबॉयवर सूड घ्यायला निघालेला आहे. त्या सुडापायी तो एका भयंकर राणीला पुन्हा उठवतो. ॲलिस नावाची एक बाई हेलबॉयला जन्मभर ओळखत असल्यासारखी भेटते. मला दोघांचंही काही वाटलं नाही. कोण हा ग्रुआगाख? एवढा कसला राग? संदर्भ कळत होता, ओझं कळत नव्हतं. मी तीन तारे दिले आणि चौथा खंड मागवला.

पाकिटातून आला लघुकथांचा पहिला खंड. विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, लेखक तोच, मालिका तीच, तेव्हा वस्तू बरोबर आहे. फोटो पाठवले, पावती पाठवली. परत न्यायला माणूस येणार म्हणून दोन दिवस घरी थांबलो, कुणी आलं नाही. वर ताकीद अशी की प्लास्टिकचं वेष्टन फाडलं तर परत घेणार नाही. अकरा दिवस ते पुस्तक टेबलावर तसंच पडून होतं. अकराव्या रात्री मी वेष्टन फाडलं. पैसे गेले तर गेले, निदान वाचून तरी टाकू.

त्यात ‘द कॉर्प्स’ नावाची गोष्ट आहे. आयर्लंड, १९५९. एका घरात तान्ही मुलगी आहे. आई म्हणते हे माझं लेकरू नाही. हेलबॉय त्या बाळाला लोखंड टेकवतो आणि आतून दुसरंच कुणीतरी किंचाळत बाहेर येतं. खरं बाळ परत हवं तर एक प्रेत सूर्य उगवायच्या आत पवित्र जमिनीत पुरून ये, अशी अट परीलोकातली माणसं घालतात. मग तो रात्रभर ते प्रेत पाठीवर घेऊन हिंडतो. पाठीवर बोलणारं प्रेत म्हटलं की आपल्याकडे प्रत्येकाला वेताळ आठवणार, मलाही आठवला. पण वेताळाला राजाचं मौन मोडायचं असतं. या प्रेताला फक्त निजायला जागा हवी आहे, आणि जिथे न्यावं तिथले आधीचे मेलेले सरकून घ्यायला तयार नाहीत. मी हसलो, आणि पुढच्याच पानावर अंगावर काटा आला. ही गोष्ट १९९५ साली एका वितरकाच्या कॅटलॉगमध्ये दोन-दोन पानांच्या हप्त्यांनी छापली गेली होती. त्यामुळे तिच्यात एक चौकट वाया गेलेली नाही. दर दोन पानांनी काहीतरी घडावंच लागतं.

आणि त्या बाळाचं नाव ॲलिस. लोखंडाचा चटका बसलेला तो ग्रुआगाख.

मी पुस्तक उलटं ठेवलं आणि कपाटातून तिसरा खंड काढला. त्याच रात्री पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता तो डुकराच्या तोंडाचा जीव पानावर आला की मला त्याची कीव येत होती. एका रात्रीचा अपमान त्याने एवढी वर्षं उराशी धरला, त्यापायी जे करू नये ते केलं, आणि आपण काय करून बसलो हे त्याला पुढे कळतंसुद्धा. रशियन लोककथांतली चेटकीण बाबा यागा, तिचंही तेच. तिचा एक डोळा हेलबॉयने फोडला तीही लघुकथाच, आणि तिसऱ्या खंडातल्या ‘डार्कनेस कॉल्स’मध्ये ती अमर कोश्चेईला त्याच्यामागे सोडते ते त्या डोळ्यापायी. या मालिकेतली मोठी संकटं अशी छोट्या गोष्टींतून उगवलेली आहेत. लघुकथा वगळून मी फक्त हिशेब चुकता होताना पाहिला होता, उधारी पाहिलीच नव्हती.

फेग्रेडोबद्दलही मत बदललं. इतक्या गर्दीच्या, सैन्यांच्या, मोडून पडणाऱ्या जगाच्या कथेला त्याचाच हात हवा होता. ग्रुआगाखच्या चेहऱ्यावरचा पश्चात्ताप नुसत्या सावलीत मावला नसता. तीनचे पाच तारे.

त्याच लघुकथांच्या खंडात २००८ ची ‘द क्रुकेड मॅन’ आहे. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरातली चेटकिणींची गोष्ट, चित्रं रिचर्ड कॉर्बेनची. रात्री एकट्याने वाचू नका एवढंच सांगतो.

तक्रार एकच उरते, पण ती मोठी आहे. मुख्य खंडांवर पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे आहेत आणि नवा वाचक त्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. तिसऱ्याच्या आधी लघुकथांचा पहिला खंड वाचा, असं कुठेतरी ठळक छापायला हवं होतं. माझ्या अनुभवावरून क्रम असा ठेवा: मुख्य पहिला, मग लघुकथांचा पहिला, मग मुख्य दुसरा, मग तिसरा. लघुकथा छापल्याच्या नाही तर घडल्याच्या क्रमाने लावल्या आहेत. त्यामुळे चित्रांची शैली मागेपुढे उडी मारते. त्याने बिचकू नका. खर्च वाचवायचाच असेल तर चौथा खंड लांबवा, पण हा सोडू नका.

परतीची तक्रार मी मागे घेतली आणि चौथ्याचे पैसे दुसरीकडे भरले. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. चौथा खंड महिनाभर झाला येऊन. त्यात मिन्योला पुन्हा स्वतः चित्रं काढतो, २०१२ ते २०१६ चे दहा अंक, हेलबॉयचा शेवट. पहिलं पान उघडून पाहिलं, सगळं काळं आणि एका कोपऱ्यात लाल. मिटून ठेवला. लघुकथांचा दुसरा खंड मागवला आहे, तो वाचून झाल्यावरच उघडणार.