क्रोमोलीच्या भावात फर्निचरचा पाईप: मापाची एमटीबी फ्रेम बनवून घेणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका रायडरने मापाने बनवलेल्या एमटीबी (माउंटन बाईक) फ्रेमसाठी 72 हजार रुपये मोजले. ठरलं होतं ते असं: 4130 क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) डबल बटेड नळ्या, 29 इंची चाकं, 120 मि.मी. ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) फोर्क आणि सगळे सांधे पितळेच्या फिलेट ब्रेझिंगचे, म्हणजे वितळलेलं पितळ सांध्यावर चढवून जोडलेले. पाच महिन्यांनी हाती आलेली फ्रेम दिसायला सुरेख होती. सांधे असे गुळगुळीत, की जणू एका नळीतून दुसरी उगवली आहे. वेताळ टेकडीवर दीड महिना चालल्यावर हेड ट्यूब (फोर्क बसतो ती पुढची नळी) आणि डाउन ट्यूब (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) यांच्या सांध्याखाली रंगात केसाएवढी चीर दिसली. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला आणि त्याखाली पिवळट करडी लांबी (पुट्टी) लागली, गॅरेजमध्ये पत्र्याचे पोचे भरायला वापरतात तीच. लांबीच्या खाली मिग (तार वितळवून केलेलं) वेल्डिंग होतं, तेही ग्राइंडरने घासून सपाट केलेलं.

पुढे डाउन ट्यूब हेड ट्यूबपासून चार बोटं मागे हॅकसॉने कापून पाहिली. आतल्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंचवटा होता, बोट फिरवलं की शिवणीसारखा लागणारा. ही ईआरडब्ल्यू पाईपची खूण. पट्टी वळवून, कडा जोडून केलेला हा पाईप खुर्च्या-टेबलांना आणि ग्रिलला वापरतात. सायकलच्या चांगल्या नळ्या बिनशिवणीच्या तरी असतात, नाहीतर जोडल्यानंतर खेचून आतून साफ केलेल्या असतात. त्यांत असा उंचवटा राहत नाही. व्हर्नियर लावल्यावर भिंत सगळीकडे सारखी, 1.2 मि.मी. भरली. म्हणजे 18 गेज.

डबल बटेडचा अर्थ इथे नीट समजून घ्या, कारण पैसे त्याचेच घेतले जातात. नळीवरचा ताण आणि वेल्डची उष्णता टोकांना जास्त असते, मधे कमी. म्हणून टोकं जाड आणि पोट पातळ ठेवतात, उदाहरणार्थ 0.8/0.5/0.8 मि.मी. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने याचं पेटंट 1897 मध्ये घेतलं होतं. साधं लोखंड काय नि क्रोमोली काय, घनता जवळपास एकच, लवचीकताही तीच. क्रोमोलीची ताकद जास्त, म्हणून भिंत पातळ करता येते आणि वजन उतरतं ते तिथे. 38 मि.मी. व्यासाची, 68 सें.मी. लांबीची डाउन ट्यूब 1.2 मि.मी. जाडीची असेल तर साधारण 740 ग्रॅम भरते. 0.8/0.5/0.8 ची तेवढीच नळी 360 ग्रॅमच्या आसपास. मध्यम मापाची बटेड क्रोमोली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम सव्वादोन ते अडीच किलोत बसते, ही साडेतीन किलोची निघाली. पार्सल उघडल्याबरोबर काट्यावर ठेवली असती तर त्याच दिवशी शंका आली असती. एकसारख्या जाडीच्या 4130 नळीची फ्रेमही चांगली होते, फक्त जड होते. ती तसं सांगून विकली तर त्यात फसवणूक नाही.

भिंत जाड असूनही चीर का पडली? नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असं कापतात, त्याला माइटर म्हणतात. चांगल्या माइटरमध्ये उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. इथे टोक ग्राइंडरने अंदाजाने खाल्लं होतं, दोन-तीन मि.मी.ची फट मिगच्या तारेने भरली होती, आणि ती लपवायला वेल्डचा फुगवटाही घासून टाकला होता. सांध्याची ताकद त्याच फुगवट्यात होती. दगडावर पुढचं चाक आपटलं की फोर्क लांब तरफेसारखा याच सांध्याला उचकटतो. लांबी ताण घेत नाही, ती फक्त आधी तडकते. इथे ती वेळेत तडकली म्हणून चीर दिसली.

विकणाऱ्याची तीन विधानं लक्षात ठेवा, कारण ती कोणाच्याही तोंडी येऊ शकतात. पहिलं, ‘लोहचुंबक लावून बघा, अस्सल क्रोमोली आहे.’ लोहचुंबक साध्या लोखंडालाही तसाच चिकटतो. त्याने ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम वेगळं ओळखता येतं, एवढंच. दुसरं, ‘पावडर कोटिंग करू नका, भट्टीत क्रोमोली नरम पडतं.’ पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांची, तेवढ्याने 4130 ला काहीही होत नाही. पितळेचं ब्रेझिंगच मुळात 900 अंशांच्या आसपास होतं. त्या भट्टीत टिकत नाही ती लांबी. तिसरं म्हणजे नळीवरचा स्टिकर. तो सुटा मिळतो, त्यावर विसंबू नका.

खरा फ्रेमबिल्डर पैशांआधी प्रश्न विचारतो: इनसीम (पायाची आतली लांबी) किती, सॅडलची उंची किती, हाताची लांबी, स्टेम, टायरची रुंदी, चेनरिंगचे दाते, सीटपोस्ट 27.2 चा की 30.9 चा ड्रॉपर (खालीवर होणारा). फोर्कचा तर ट्रॅव्हल सांगून त्याचं भागत नाही, ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची (चाकाच्या आसापासून फोर्कच्या माथ्यापर्यंतची) उंची लागते, कारण तिथे 20 मि.मी. फरक पडला की हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) साधारण एक अंशाने बदलतो. या व्यवहारात फक्त उंची आणि रंग विचारला गेला. मापाचं चित्र आलं तेही एका कारखान्याच्या सायकलच्या जॉमेट्री तक्त्यातून उचललेलं होतं.

ऑर्डर देताना तीन टप्प्यांचे फोटो लिहून मागा. नळ्या माइटर करून, वेल्ड न करता जिगमध्ये (नळ्या जागेवर धरणाऱ्या साच्यात) बसवलेल्या. मग सांधे पूर्ण झालेली, रंग न लावलेली फ्रेम. फिलेट ब्रेझिंग असेल तर प्रत्येक सांध्याभोवती पिवळं कडं दिसलंच पाहिजे. तिसरा फोटो सरफेस प्लेटवर (अगदी सपाट टेबलावर) अलाइनमेंट तपासतानाचा. प्रत्येक फोटोत तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी नळीला चिकटवलेली हवी, कारण दुसऱ्यांच्या वर्कशॉपचे फोटो पाठवणं फार सोपं आहे. पैसेही याच टप्प्यांनी द्या. एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश उघडी फ्रेम पाहून, उरलेले तपासणीनंतर. परदेशी नळ्या सांगितल्या असतील तर त्यांच्या खरेदीचं बिल मागा. ते दाखवायला प्रामाणिक कारागिराला अडचण नसते.

फ्रेम आल्यावर वजन करा. सीट ट्यूबमधून बारीक एंडोस्कोप कॅमेरा सोडा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) शेलमधून डाउन ट्यूबमध्ये भोक उघडत असेल तर तिथूनही सोडा. शिवणीचा उंचवटा दिसला तर पुढे बोलायचं कारण नाही. एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेड ट्यूबला वळसा देऊन दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एखादा मि.मी. फरक चालतो, चार-पाच नाही. अल्ट्रासॉनिक गेजने भिंतीची जाडी रंगाला धक्का न लावता मोजता येते, टोकाला आणि पोटाला दोन्हीकडे मोजा. धातूचीच शंका असेल तर भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारी) तपासणी करून घ्या. नखाएवढी जागा खरवडली की पुरते. 4130 मध्ये क्रोमियम 0.8 ते 1.1 टक्के आणि मॉलिब्डेनम 0.15 ते 0.25 टक्के दिसलं पाहिजे.

या प्रकरणात फ्रेम कापली, ही चूक झाली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दोष प्रयोगशाळेशिवाय कळणार नसेल तर ग्राहक आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून तपासायला पाठवू शकतो. कापलेल्या फ्रेमवर समोरचा म्हणतो, हे तुम्हीच केलंत. म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, चिरेचा फोटो मोजपट्टीसह घ्या आणि फ्रेम तशीच ठेवा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

चीर हेड ट्यूबजवळ असेल तर ‘वरून एक टाका मारून देतो’ म्हणणाऱ्याकडे फ्रेम देऊ नका. आतली फट तशीच राहते आणि वेल्डशेजारची जागा पुन्हा तापून आणखी कमजोर होते. फोर्क आणि चाकं काढून घ्या, आणि त्या फ्रेमवर कोणालाही बसू देऊ नका.