लोकमान्य नगरच्या काकूंचा नाश्त्याचा डबा: सहा महिने रोज खाल्ल्यावर

सकाळी साडेसहाला डबा दारात येतो. मूगडाळीची दोन धिरडी, आत किसलेलं पनीर, बाजूला दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. साठ रुपये. इंदूरच्या लोकमान्य नगरात एक काकू घरच्या घरी हे करतात. पाटी नाही, नाव नाही, आम्ही सगळ्याजणी ‘काकूंचा डबा’ म्हणतो. मी शाळेत शिकवते, सातला घर सोडते. माझ्यासारख्या, सकाळी धावपळ आणि त्यात डायबेटीस असलेल्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ निघालं होतं. चहा बिनसाखरेचा केला, जिलबी सोडली, संध्याकाळी चालायला लागले, तरी आकडा हलेना. नाश्ता मात्र तोच होता, पोहे. आपल्याकडचे वाफेवर ठेवलेले, वर सेव, कांदा, जिरावन हा इंदुरी मसाला. जिलबी सोडली म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलं, खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मशीनवर साखर बघा, १८०च्या आत हवी. नऊ वाजता स्टाफरूममध्ये बोट टोचलं, तर २४१. नुसत्या पोह्यांनी! शेवटी पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळच. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत पाऊणशे ग्रॅमच्या वर पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट असतं. त्यात पहाटे यकृत आपणहून रक्तात साखर सोडत असतं, म्हणून आमच्यासारख्यांना सकाळचं पिष्ट जास्तच नडतं.

काकूंच्या डब्यानंतर पहिल्या आठवड्यातले आकडे १४८, १३९, १५२. वही आहे माझ्याकडे. काकू तयार पीठ वापरत नाहीत, सालाची मूगडाळ रात्री भिजवून सकाळी आलं-मिरची घालून वाटतात. धिरड्यावर सालाचे हिरवे ठिपके दिसतात, कडेला बारीक जाळी पडते. इथे सगळे चीला म्हणतात, पण चव आईच्या हातच्या धिरड्याची आहे. डाळीतही पिष्ट असतंच, पण सोबत प्रथिनं आणि चोथा असल्यामुळे साखर सावकाश चढते आणि मधल्या सुट्टीपर्यंत भूक लागत नाही.

तक्रारीही आहेत. पहिल्या महिन्यात एक दिवस आकडा १९० आला. मला कळेना. डब्यातली चटणी बोटावर घेऊन चाखली, गोड लागली. फोन केला तर काकू म्हणाल्या, “अहो ताई, साखर नाही घातली, गूळ आहे!” त्या मनापासून म्हणत होत्या. आपल्या घरोघरी हाच समज आहे. पण गूळही मुख्यतः साखरच, रक्तात गेल्यावर मशीनला फरक कळत नाही. मी वहीतला आकडा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून चटणी कोथिंबीर, पुदिना, लिंबू एवढीच. ऐकून घेतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

संकष्टीला मात्र जपून. त्या दिवशी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी जाते, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, पोह्यांपेक्षाही वरचढ. आदल्या दिवशी सांगितलं तर पनीर, दाणे आणि दही मिळतं. न सांगता मिळत नाही, हे त्यांनी बदलायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी डायबेटीससाठी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते. डबा सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी अकराच्या तासाला फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागला, घाम फुटला. मशीन म्हणालं ६४. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ९१. ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाकडून साखर उतरवणारं इन्सुलिन काढून घेते. पोटात पिष्ट कमी आणि गोळी तेवढीच, मग हे होणारच. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. तेव्हा हा डबा लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः अशी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर. काकू हे प्रत्येकीला सांगत नाहीत, आणि ते त्यांचं कामही नाही.

डब्याचं झाकण घट्ट असतं, त्यामुळे पावसाळ्यात वाफेनं धिरडी लिबलिबीत होतात. मी आल्या आल्या झाकण उघडून जाळीवर ठेवते. थालीपिठाच्या दिवशी एकच खाते, भाजणीत ज्वारी-बाजरी-तांदूळ सगळं असतं.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.१ आलं. त्यात चालण्याचा आणि औषधाचाही वाटा आहे, सगळं श्रेय डब्याला देत नाही. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा साबुदाण्यासाठी राखून ठेवला आहे.

ऑर्डर आदल्या संध्याकाळी आठच्या आत. रविवारी डबा नसतो. त्या दिवशी आमचे हे पोहे आणतात. मी आधी वाटीभर मोड आलेली मटकी खाते, मग त्यांच्या बशीतले चार चमचे पोहे. जिरावनाची पुडी मात्र घरात असतेच, आठवडाभर धिरड्यावर भुरभुरायला.